कॉलेजच्या स्पर्धेत नाव घेत नव्हते, ते खाशाबा ऑलिम्पिकचं पदक घेऊन आले

15 जानेवारी हा दिवस 2024 पासून राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांचा हा जन्मदिवस. या दिवसांत आपल्या जिल्ह्यातली बरीच गावं अर्धी रिकामी असतात, बिऱ्हाडं ऊसतोडीला गेलेली असतात. काही टोळ्या कराड, कोल्हापूरच्या फडात असतात. त्याच कराडला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. खाशाबा तिथले, जन्म 1926 चा.

वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवलं. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा हे काही वेगळं नव्हतं, पोरगं चालायला लागलं की लाल माती अंगाला लागायचीच. जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या आपल्याकडंही होतात, आजही होतात. फरक पडला तो पुढं. खाशाबांना घरच्यांनी शाळेतही घातलं. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. त्याच काळात 1942 ची चळवळ पेटली होती. सातारा भागात भूमिगतांची मोठी फळी होती, त्यांना आसरा देणं, निरोप पोचवणं या कामात हा शाळकरी पोरगाही होता.

हायस्कूल झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. खरी गोष्ट इथून सुरू होते.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधून घेतलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. पण कॉलेजची कुस्ती आणि तालमीची कुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी. तालमीत वस्ताद पोरगा पाहतो, जोड लावून देतो. कॉलेजात मात्र वार्षिक क्रीडा स्पर्धा असतात, तिथं नाव द्यावं लागतं. जो जिंकेल तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजकडून उतरतो. त्यातून विद्यापीठाचा संघ होतो आणि तो संघ देशभरातल्या विद्यापीठांशी लढतो. ही एकेक पायरी आहे. पहिल्याच पायरीवर कुणी अडवलं तर पुढच्या पायऱ्या असून नसल्यासारख्या.

खाशाबांना तिथंच अडवलं गेलं. अंगानं किरकोळ, उंचीही बेताची. हा पोरगा काय कुस्ती खेळणार असं वाटून कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायला नकार दिला. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून वसतिगृहावर गेला असता. खाशाबा थेट प्राचार्यांकडं गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि खाशाबा आखाड्यात उतरले. आपल्यापेक्षा अंगापिंडानं मोठ्या गड्यांना त्यांनी एकामागून एक लोळवलं. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान कवेत घेऊन त्याला असा फेकायचा की उठायच्या आत पाठ लागलेली.

प्राचार्यांनी त्या दिवशी नियमावर बोट ठेवलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता. आपल्याकडं रोज हेच चालतं. प्रवेशिकेची तारीख गेली, सही नाही, शिक्का नाही, झालं!

1948 साली लंडनला ऑलिम्पिक होतं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा निघाले. तोवर ते मॅटवर कधी खेळलेले नव्हते. माती पायाला धरते, मॅटवर पाय सरकतो. शिवाय मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, तिथं मात्र एकेका गुणाचा हिशेब. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तिथल्या पद्धतीचं शिक्षण दिलं. एवढ्या थोड्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा मल्ल त्यांनी हरवला, इराणच्या मल्लासमोर हार पत्करावी लागली.

इथं आपल्या भागाचं एक सांगितलं पाहिजे. जुलै-ऑगस्ट 1948 मध्ये खाशाबा स्वतंत्र भारताकडून लंडनला लढत होते, तेव्हा बीड जिल्हा स्वतंत्र भारतात नव्हताच. आपण निजामाच्या राज्यात होतो, सुटका झाली ती 17 सप्टेंबरला. कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880 पासूनचं. आपल्या पोरांना मात्र पुढं शिकायचं तर औरंगाबाद नाहीतर हैदराबाद गाठावं लागे, आणि ते मोजक्या घरांना जमे. मराठवाडा विद्यापीठ निघालं 23 ऑगस्ट 1958 ला. त्यानंतर बीडचं बलभीम, अंबाजोगाईचं योगेश्वरी, परळीचं वैद्यनाथ अशा कॉलेजांना एका छत्राखाली आपसात खेळायला मिळालं. म्हणजे खाशाबांना जी पायरी कॉलेजात पाय ठेवल्याबरोबर मिळाली, ती आपल्या भागात दहा वर्षं उशिरा बांधली गेली. आता विभागवार सामने होतात, विद्यापीठाचा संघ निघतो, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव भरतो. फी भरताना पावतीवर जिमखान्याची रक्कमही असते. त्या रकमेतून किती कॉलेजांत मॅट आली, हे पालकांनी एकदा जाऊन बघावं.

लंडनहून आल्यावर खाशाबांनी चार वर्षं मेहनत केली. पण 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड सरळ झाली नाही. निवडीच्या कुस्तीत एका गुणानं त्यांना हरलेलं ठरवलं गेलं. हा आपल्यावर अन्याय आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, त्यात खाशाबांनी त्याच मल्लाला चीतपट केलं. कॉलेजात प्राचार्यांकडं गेले होते, तसेच इथंही गेले. गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

निवड झाली, पण जायला पैसे कुठून आणायचे? खाशाबा आणि घरचे गावोगाव फिरले. लोकांनी जमेल तसं दिलं, तरी भागेना. तेव्हा खर्डेकर पुन्हा पुढं आले. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार! आपल्यापैकी ज्यानं सोसायटीच्या नाहीतर सावकाराच्या कागदावर अंगठा दिलाय, त्याला घर गहाण टाकणं म्हणजे काय हे सांगायला नको. तेही पोटच्या पोरासाठी नाही, आपल्या कॉलेजच्या एका विद्यार्थ्यासाठी.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलो वजनगटात उतरले. कोल्हापूरचेच माणगावे त्यांच्यासोबत त्या ऑलिम्पिकला होते. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी अशा एकेका देशाच्या मल्लाला हरवत खाशाबा शेवटच्या टप्प्यात पोचले. तिथं जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती झाली, ती पंधरा मिनिटं चालली. अंगातला सगळा जोर निघून गेलेला. एवढ्यात त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लगेच लढायला सांगितलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला आपल्या पथकाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. सोनं इशीला, चांदी मामेदबेकोवला आणि कांस्य खाशाबांना. तारीख 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताला मिळालेलं वैयक्तिक खेळातलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 साल उजाडलं, ते लिएंडर पेसचं टेनिसमधलं. म्हणजे मधे 44 वर्षं गेली.

हॉकीच्या सुवर्णपदकाचं देशभर कौतुक चाललं होतं, त्यात हे पदक झाकोळलं गेलं. मात्र कराड विसरलं नाही. स्टेशनावर 151 बैलगाड्या सजून आल्या. गोळेश्वर तिथून जेमतेम पंधरा मिनिटांच्या वाटेवर, त्या मिरवणुकीला सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल, दारोदारी ओवाळणी. पोळ्याला पन्नास जोड्या एका वेशीत आल्या तरी केवढी गर्दी होते, त्यावरून अंदाज करा.

मिरवणूक झाल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः त्यात लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडून घर मोकळं केलं. मला विचाराल तर पदकाच्या बरोबरीनं हे लिहून ठेवावं असं आहे.

1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकचीही तयारी होती, पण गुडघा दुखावला आणि ते राहिलं. खात्यात त्यांनी कितीतरी पोरांना कुस्ती शिकवली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तर पेन्शनसाठी झगडावं लागलं. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात ते गेले. वय अवघं 58.

शिवछत्रपती पुरस्कार, अर्जुन पुरस्कार हे सगळं त्यांच्या माघारी आलं. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीच्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं. गोळेश्वरला कुस्ती संकुल होणार अशी घोषणा 2009 ला झाली होती. 2017 उजाडलं तरी ते उभं राहिलं नाही, म्हणून घरच्यांनी ते हेलसिंकीचं पदकच लिलावात काढायची तयारी जाहीर केली. पदक विकून मिळणाऱ्या पैशातून संकुल बांधायचं, असा त्यांचा विचार होता.

आपल्या जिल्ह्याचं म्हणाल तर पाटोद्याचा राहुल आवारे याच मातीतून पुण्याला गेला, हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली तयार झाला. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सोनं आणलं. वजनगट खाशाबांचाच, 57 किलो. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं आणि नंतर तोही राज्याच्या पोलीस दलात अधिकारी झाला, थेट उपअधीक्षक.