टीमचा हिरो उतरणीला लागायच्या आत विकायचा, हा बिझनेस ब्रँच रिकीने सुरू केला

16 एप्रिल 1938. अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल टीमने आपला सगळ्यात मोठा हिरो विकून टाकला.

त्याचं नाव डिझी डीन. हा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. 1934 मध्ये त्याने एकट्याने 30 मॅचेस जिंकून दिल्या होत्या आणि टीमला वर्ल्ड सिरीज मिळवून दिली होती. नॅशनल लीगमध्ये 30 चा तो आकडा त्यानंतर आजवर कुणालाही गाठता आलेला नाही. विकला तेव्हा त्याचं वय फक्त 28 होतं.

समोरून शिकागो कब्ज या टीमने काय दिलं? 1 लाख 85 हजार डॉलर रोख आणि तीन खेळाडू. 1938 मध्ये ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

सेंट लुईसमध्ये लोक भडकले. पण हा सौदा करणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळाच होता. आदल्या वर्षीच्या ऑल-स्टार मॅचमध्ये डीनच्या पायाच्या बोटावर बॉल बसला, बोट मोडलं. ते नीट बरं व्हायच्या आत तो परत मैदानात उतरला. पाय दुखत असल्यामुळे बॉल टाकायची पद्धत बदलली आणि त्यात खांदा गेला. नाव अजून मोठं होतं, हात मात्र संपत आला होता. भाव नावाला मिळत होता तोवर माल विकून मोकळं व्हायचं, असा सगळा मामला.

डीनने कब्जसाठी त्या सीझनला 7 मॅचेस जिंकल्या, नंतरच्या दोन वर्षांत मिळून 9. त्याच्या बदल्यात आलेल्या कर्ट डेव्हिस नावाच्या पिचरने 1939 मध्ये कार्डिनल्सला 22 मॅचेस जिंकून दिल्या. वर पैसे राहिले ते वेगळेच.

हा हिशेब लावणारा माणूस म्हणजे ब्रँच रिकी.

रिकीचा जन्म 20 डिसेंबर 1881 चा, ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात. घरचं वातावरण कट्टर मेथडिस्ट. रविवारी मैदानात उतरायचं नाही हा नियम त्याने खेळाडू असताना आणि नंतरही पाळला. खेळाडू म्हणून मात्र विषय अवघड होता. तो होता कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखं काम. 28 जून 1907 ला न्यूयॉर्ककडून खेळताना त्याचा हात इतका दुखत होता की, समोरच्या टीमने त्याच्यादेखत एकाच मॅचमध्ये 13 बेस चोरले. हा नकोसा रेकॉर्ड आजही त्याच्या नावावर आहे.

पुढे त्याला टीबी झाला. त्यातून उठल्यावर मिशिगन विद्यापीठातून त्याने वकिलीची डिग्री घेतली, शिकता शिकता तिथल्याच टीमला कोचिंग दिलं. 1917 मध्ये तो कार्डिनल्समध्ये आला तेव्हा क्लबची अवस्था कंगाल होती. एखादा चांगला पोरगा हेरला की श्रीमंत क्लब जास्त पैसे टाकून त्याला उचलून न्यायचे.

विकत घेणं परवडत नसेल तर पिकवायचं, असं रिकीने ठरवलं. छोट्या शहरांमधल्या छोट्या लीगच्या टीम्समध्ये त्याने हिस्सेदारी घ्यायला सुरुवात केली. पोरं तिथे खेळायची, तयार व्हायची आणि त्यातली निवडक वर यायची. याला फार्म सिस्टिम म्हणतात. पुढे अशा तिसाहून जास्त टीम्स कार्डिनल्सच्या ताब्यात होत्या. डिझी डीनही याच शेतातलं पीक.

आता यातली गोम. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राहायचा. क्लब देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. कमी पैशात शेकडो पोरं बांधून ठेवायची, वरची जागा रिकामी झाली की एकाला आणायचं आणि उरलेल्यातला चांगला माल बाजारात काढायचा. त्यात खेळाडू विकून आलेल्या पैशातला वाटा रिकीच्या स्वतःच्या खिशातही जायचा. म्हणजे खेळाडूची किंमत ठरवणारा आणि विक्रीवर कमिशन खाणारा माणूस एकच. आज कुणी असा करार केला तर गदारोळ होईल, तेव्हा तो चालून गेला.

पण सगळंच चालून गेलं नाही. 1938 मध्येच बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी कार्डिनल्सने अडकवून ठेवलेल्या 70 हून जास्त पोरांना मोकळं केलं. त्यातला पीट रायझर ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला. 1941 ला त्याच डॉजर्सनी कार्डिनल्सला मागे टाकून लीग जिंकली आणि लीगचा टॉप बॅटर होता हाच रायझर.

शिवाय रिकीचा अंदाज दरवेळी बरोबर यायचा असंही नाही. 1941 च्या डिसेंबरमध्ये त्याने जॉनी माईझला 50 हजार डॉलर आणि तीन खेळाडूंच्या बदल्यात विकलं. माईझ 29 ला टेकला होता, रिकीच्या गणितात उतरण सुरू व्हायचं वय. मध्ये महायुद्धात तीन सीझन वाया जाऊनही त्याच माईझने 1947 ला 51 होमरन मारले.

1942 ची वर्ल्ड सिरीज जिंकून रिकी ब्रुकलिनला गेला. तिथे त्याने जे केलं त्यासाठी जग त्याला ओळखतं. 15 एप्रिल 1947 ला जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. काळ्या खेळाडूंना मेजर लीगची दारं जवळपास 60 वर्षं बंद होती, ती उघडली.

या गोष्टीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. रॉबिन्सन आधी कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या टीमकडून खेळायचा. रिकीने त्या क्लबला एक डॉलरही दिला नाही. त्यांच्याकडे धड करारच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच 1947 मध्ये क्लीव्हलंडच्या बिल व्हेकने लॅरी डोबीला घेताना त्याच्या क्लबला पैसे मोजले, म्हणजे मोजता येत होते. दुसऱ्या कुठल्याही सौद्यात शेवटच्या डॉलरसाठी घासाघीस करणाऱ्या रिकीने इथे किंमत शून्य लावली. मोठं काम आणि फुकटचा माल, दोन्ही एकाच सहीत.

1947 ला त्याने आणखी एक माणूस कामावर घेतला, ॲलन रॉथ. काम एकच, प्रत्येक बॉलची नोंद ठेवायची. एखाद्या क्लबने पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ नेमण्याची ही पहिलीच वेळ. ब्रॅड पिटचा मनीबॉल पाहिला असेल, तर ऑकलंडची ती गोष्ट 2002 ची आहे, हे लक्षात घ्या.

रॉथच्या नोंदींमध्ये दिसलं की, ब्रुकलिनचा लाडका बॅटर डिक्सी वॉकरचे फटके आता उलट्या बाजूला जास्त जातायत, म्हणजे बॅट उशिरा येतेय. ॲव्हरेज अजून तीनशेच्या वर होतं, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता नव्हता. शिवाय रॉबिन्सनसोबत खेळायला वॉकर नाराज होता आणि त्याने स्वतःच ट्रेड मागितला होता. 37 वर्षांच्या वॉकरला रिकीने पिट्सबर्गला पाठवलं. वॉकर दोन सीझन खेळून थांबला. बदल्यात आलेल्यांपैकी एक होता प्रीचर रो. त्याने 1951 ला 22 मॅचेस जिंकल्या, हरला फक्त 3.

1950 ला भागीदार वॉल्टर ओमॅलीशी बिनसलं आणि रिकी पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला. तिथली टीम इतकी वाईट होती की 1952 ला 154 पैकी 112 मॅचेस हरली. टीमचा एकमेव स्टार राल्फ कायनर सलग सात वर्षं होमरनमध्ये लीगच्या टॉपला होता. रिकीचा हिशेब असा, की हा असतानाही आपण तळाला आहोत, नसतानाही तळालाच असू, मग एवढा पगार कशाला द्यायचा? 1953 ला कायनर कब्जकडे गेला. लोकांनी रिकीला शिव्या घातल्या. पाठीच्या दुखण्यामुळे कायनर 1955 नंतर रिटायर झाला.

नोव्हेंबर 1954 मध्ये ड्राफ्टची पाळी आली. तळाला असल्यामुळे पहिली निवड पायरेट्सची. डॉजर्सनी आपल्या मॉन्ट्रियलच्या फार्म टीममध्ये प्वेर्तो रिकोचा एक विशीतला पोरगा ठेवला होता, त्याला नियमानुसार 4 हजार डॉलर भरून कुणीही उचलू शकत होतं. रिकीने उचलला. त्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे.

रिकी 1955 नंतर जनरल मॅनेजरच्या खुर्चीवरून उठला तेव्हाही पायरेट्स तळालाच होते. 1960 ला त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. नोव्हेंबर 1965 मध्ये मिझुरीत एका कार्यक्रमात भाषण देता देता रिकी कोसळला आणि 9 डिसेंबरला गेला. 1966 ला क्लेमेंटे नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.