खराटा हाती घेतलेला संत

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहणारा आपला समाज एरवी तिला दाराआड ठेवतो आणि ती चालविणाऱ्या हातांना दूर. ही विसंगती गाडगेबाबांनी आयुष्यभर झाडून काढली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी १९०५ मध्ये गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, जवळ मडके आणि हाती खराटा, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते रस्ते झाडीत. रात्री कीर्तनात प्रश्न विचारून कर्ज, दारू, पशुबळी आणि अस्पृश्यता यांतील अनर्थ श्रोत्यांच्याच मुखातून वदवून घेत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी काहीच ठेवले नाही. प्रसंगी जेवणाचे ताट विकावे, पण मूल शाळेत घालावे, हा त्यांचा आग्रह. २० डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या पुरुषाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे. मुलांच्या हाती पुस्तक देताना आपण खराट्याचीही लाज वाटू न देण्याचे शिकविले, तरच ते नाव सार्थ होईल.