विश्लेषण : पक्षी पाहायला फक्त हिवाळ्यातच जायचे? सलीम अलींचे आयुष्य काय सांगते?

थंडी सरली, परदेशी पाहुणे पक्षी परतले की पक्षी अभयारण्यांतील वर्दळ ओसरते. उन्हाळ्यात गर्दी होते ती पाणवठ्यावर येणारा वाघ पाहायला. दुर्बिणी आणि पक्ष्यांची पुस्तके मात्र पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कपाटात जातात. पण भारतीय पक्षी अभ्यासाचा पाया घालणारे डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांचे सर्वांत गाजलेले संशोधन हिवाळ्यातले नाही. ते आहे पावसाळ्याच्या दमट दिवसांतले आणि तेही अलिबागजवळच्या किहीम गावातले. उष्ण महिन्यांत रानात नेमके काय पाहायचे, हे त्यांच्या आयुष्यातून समजते.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्यांची बंदूक दिली आणि चिमण्या हे त्याचे पहिले लक्ष्य ठरले.

तबेल्याच्या भिंतीतील एका घरट्यावर हा मुलगा दबा धरून बसे. घरट्यातील नर मारला की मादी दुसरा नर आणते, तो मारला की तिसरा, हे त्याने पाहिले आणि वहीत टिपून ठेवले. शिकारी पोराची ती करामत होती, पण निरीक्षणही होते. पुढे १९०८ मध्ये त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. तिथून दिशा बदलली.

नोकरी गेली आणि किहीम मिळाले

वाट सरळ नव्हती. कुटुंबाच्या खाणकाम आणि लाकूड व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, पण जीव रमला रानातच. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी एर्विन श्ट्रेझेमान या नामवंत पक्षीतज्ज्ञांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते.

हाती काम नाही, मुंबईचा खर्च परवडेना. तेव्हा दाम्पत्य किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर सलीम अली तिच्यासमोर बसून राहिले.

मराठीत सुगरण हे नाव बाईचे, पण घर विणतो नर. तो खोपा अर्धा विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीने पसंत केले तरच पुढची नळी विणून खोपा पुरा होतो. मादी अंडी उबवायला बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकाच हंगामात एकामागून एक असे अनेक संसार! हे चक्र सलीम अलींनी बारकाईने मांडले आणि त्या लेखाने त्यांचे नाव पक्षीशास्त्राच्या जगात पोहोचले. महागडी साधने नव्हती, दूरचा प्रवास नव्हता. एक झाड, योग्य ऋतू आणि चिकाटी एवढेच भांडवल होते.

उष्ण महिन्यांतच हे का दिसते?

हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पक्षी आपल्याकडे खायला आणि थंडी टाळायला येतात. त्यांची वीण त्यांच्या मायदेशी होते. आपल्या रहिवासी पक्ष्यांपैकी अनेकांचा संसार मात्र उन्हाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्यात चालतो. पावसाबरोबर किडे-अळ्या वाढतात, गवताला दाणे धरतात आणि पिलांना चारा मिळतो. म्हणून याच काळात गाणे, पिसाऱ्याचा थाट, घरटी आणि पिलांची धावपळ पाहायला मिळते. पनवेलजवळच्या कर्नाळ्यात पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तोही विणीसाठीच.

पुढची वर्षे सलीम अलींनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. मानधन नको, प्रवासखर्च द्या, एवढीच त्यांची अट असे. १९३९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. त्या धक्क्यानंतर ते कामात अधिकच बुडाले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. १९४५ मध्ये कच्छच्या रणातील रोहित पक्ष्यांची वीण-वसाहत त्यांनी पाहिली. तिथे सुमारे पाच लाख पक्षी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. डिलन रिप्ले यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला.

भरतपूर कसे वाचले?

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा मुळात राजघराण्याची शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की तो सलीम अलींचा ४२ वा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर पाणी काढून ती जमीन शेतीसाठी द्यावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी हा प्रश्न थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि ती जागा टिकली. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. पर्यटक तिथे हिवाळ्यात जातात, पण अजान बांधातून पावसाचे पाणी आले की चित्रबलाक, बगळे, पाणकावळे बाभळींवर दाटीवाटीने घरटी करतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी ही वसाहतही कोलमडते.

चराईबंदीचा धडा

या कहाणीला दुसरी बाजू आहे. राष्ट्रीय उद्यान होताच गुरांना चराईबंदी झाली. चराईने पाणथळीचे नुकसान होते, असे सलीम अलींसह अनेक तज्ज्ञांचे मत होते. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी नेणाऱ्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

त्याच काळात बीएनएचएसचा दीर्घकालीन अभ्यास तिथे सुरू होता. १९९१ च्या अहवालातून उलटे चित्र पुढे आले. म्हशी थांबल्या, गवत बेसुमार वाढले आणि उघडे पाणी कमी झाले. पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. २० जून १९८७ रोजी निधन झालेले सलीम अली तेव्हा हयात नव्हते. मात्र मताला नोंदींच्या कसोटीवर घासायचे, ही शिस्त त्यांनीच संस्थेला लावली होती. अभयारण्य म्हणजे फक्त कुंपण नव्हे आणि भोवतालची माणसे त्याच्या बाहेरची नव्हेत, हा भरतपूरचा धडा महाग पडला.

आज जाताना काय लक्षात ठेवावे?

कर्नाळा, गोव्यातील चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य, केरळमधील थट्टेकाड किंवा गोरेगावच्या चित्रनगरीजवळचे बीएनएचएसचे संवर्धन शिक्षण केंद्र, कुठेही गेलात तरी सूत्र एकच. पहाटे पोहोचा, ऊन चढण्याआधी परता. दहा ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा एका झाडाजवळ किंवा पाणवठ्यापासून अंतर राखून तासभर बसा.

हा काळ विणीचा असल्याने जबाबदारीही मोठी. घरट्याच्या जवळ जाऊ नका, फोटोसाठी फांद्या बाजूला करू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. बिथरलेले आई-बाप घरटे सोडतात किंवा उन्हात अंडी उघडी पडतात. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे तिथे गर्दीला आवतण देणे. पावसाळ्यात अनेक व्याघ्र प्रकल्पांचे मुख्य क्षेत्र बंद असते, तेव्हा आधी चौकशी करून निघावे.

आणि वही जवळ ठेवावी. तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करत होता, एवढे टिपले तरी पुरे. खेतवाडीच्या तबेल्यातील त्या मुलानेही सुरुवात एवढ्यावरच केली होती. फरक इतकाच, की आता हातात बंदूक नको.