हे कापड कोणी विणले? : शिवशरण जेडर दासिमय्या



भोपाळला २००८ साली राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. कापडाची नक्षी रचणारे तरुण तेथून चंदेरी-महेश्वरच्या विणकरांकडे जातात. आपल्या घरातलेही कोणी या व्यवसायात असेल. कागदावर सुबक दिसलेली बुटी मागावरून चपटी होऊन उतरली, की आपण प्रथम कोणाला बोल लावतो? विणकराला, नाहीतर सुताला. पंधरा वर्षे मुरलेला डिझायनरही याला अपवाद नसतो. अशा वेळी आपल्याच परंपरेतील एका विणकराचे चरित्र आठवावे.

जेडर दासिमय्या हे बसवण्णांच्या आधीचे, बहुतेक अभ्यासकांच्या मते अकराव्या शतकातले. (देवर दासिमय्या आणि जेडर दासिमय्या एकच की दोन, हा विद्वानांचा वाद आहे, त्यात येथे शिरत नाही.) जेडर म्हणजे विणकर. गाव मुदनूर, आजच्या यादगीर जिल्ह्यातले. तेथील रामनाथ हेच त्यांचे आराध्य आणि हेच त्यांच्या वचनांचे अंकित. दीडशेहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत.

आख्यायिका अशी, की तरुणपणी ते अरण्यात घोर तप करीत होते. शिवाने त्यांना देह झिजवण्यापेक्षा कष्टाने मिळवून खाण्याची आज्ञा केली. दासिमय्या मागावर बसले. अरण्यात जे साधले नाही ते मागावर साधले, असे आपण सहज म्हणतो. पण ते एका दिवसात साधले नाही, हे विसरतो.

त्यांचे एक वचन विणकरांनी तरी मुद्दाम वाचावे. ताणा सरळ करणे, पाय चालवणे, धोटा, त्यातली कांडी असा सारा क्रम त्यात येतो. कानडीतली कंडिके तीच आपली कांडी. हाताखालचे काम इतक्या बारकाईने न्याहाळल्यावर शेवटी ते रामनाथालाच विचारतात, की विणणारा मी की तू? उत्तर ते देत नाहीत. काम चालू असतानाच स्वतःकडे पाहणारा हा प्रश्न आहे.

एकदा त्यांनी अतिशय तलम वस्त्र विणले. बाजारात ते खपले नाही. परतताना एका वृद्ध जंगमाने ते मागितले आणि हाती येताच टराटरा फाडले. एक तुकडा डोक्याला, एक अंगाला, एक पायाला गुंडाळला. आपल्या डोळ्यांदेखत आपले महिन्यांचे काम कोणी फाडले तर? दासिमय्या रागावले नाहीत. त्यांनी त्या वृद्धाला आदराने घरी नेले. तो शिवच होता, आणि त्याने अक्षय्य धान्याचा तवनिधी दिला.

पण वाचकहो, कथा येथे थांबत नाही, आणि मला पुढचाच भाग मोलाचा वाटतो. वस्त्र फाटताना जो गर्व उठला नाही, तो प्रसाद मिळाल्यावर उठला. आपल्यासारखा दाता नाही, असे त्यांना वाटू लागले. शंकर दासिमय्या या दुसऱ्या शरणांनी तो गर्व उतरवला. इतके मोठे शरण, पण आपले चुकले हे त्यांना सहधर्मी शरणाकडून शिकावे लागले, आणि ते शिकले.

त्यांच्या पत्नी दुग्गळे याही वचनकार. त्यांची दोनच वचने उरली आहेत. अंकितात रामनाथाच्या आधी दासय्यांचे नाव येते.