जॅक लव्हलॉक

जॉन एडवर्ड ऊर्फ जॅक लव्हलॉक (जन्म: ५ जानेवारी १९१०, क्रशिंग्टन, न्यू झीलंड, मृत्यू: २८ डिसेंबर १९४९, न्यू यॉर्क) हे न्यू झीलंडचे मध्यम पल्ल्याचे धावपटू व डॉक्टर होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक त्यांनी जागतिक विक्रमासह जिंकले. हंगामात किती शर्यती धावाव्यात आणि किती काळ केवळ सरावाला द्यावा, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या आरंभीच्या धावपटूंमध्ये त्यांची गणना होते.

शिक्षण

लव्हलॉक यांचे आईवडील इंग्लंडहून न्यू झीलंडमध्ये स्थायिक झाले होते. टिमारू बॉइज हायस्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी ओटागो विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला. १९३१ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाले व पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकले.

शर्यती आणि सराव

मे १९३२ मध्ये लव्हलॉक यांनी एक मैल अंतर ४ मिनिटे १२ सेकंदांत धावून ब्रिटिश साम्राज्याचा विक्रम केला. मात्र त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ते सातवे आले. शरीराची उत्तम अवस्था फार काळ टिकत नाही आणि ती मुख्य शर्यतीच्या दिवशीच यावी लागते, ही जाणीव त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

सराव, शर्यती, वेळा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी यांची टिपणे ते नियमितपणे ठेवत. संपूर्ण ताकदीने धावण्याचे प्रसंग ते मोजकेच ठेवत. उरलेल्या शर्यती त्यांच्या दृष्टीने प्रयोग असत: कधी वेगाचा अंदाज घ्यायचा, कधी शेवटची मुसंडी केव्हा मारावी हे तपासायचे. अशा शर्यतींत हार पत्करण्याची त्यांची तयारी असे. प्रेक्षकांना हे कितपत रुचत असेल हा प्रश्नच आहे.

१५ जुलै १९३३ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांनी मैलाचा ४ मिनिटे ७.६ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला. या शर्यतीत दुसरे आलेले बिल बॉनथ्रॉन हेही आधीच्या विक्रमाहून वेगाने धावले होते. १९३४ मध्ये लंडन येथील ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये लव्हलॉक यांनी मैलाचे सुवर्णपदक मिळवले. तेथे दुसरे आलेले सिडनी वुडरसन यांनी मात्र १९३५ आणि १९३६ च्या इंग्लंडमधील राष्ट्रीय स्पर्धांत त्यांना हरवले. बर्लिनला निघताना लव्हलॉक यांच्याकडे ताजा विजय नव्हता, तरी तयारीचा आराखडा होता.

६ ऑगस्ट १९३६ रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत त्यांनी नेहमीपेक्षा बऱ्याच आधी, सुमारे ३०० मीटर शिल्लक असताना, वेग वाढवला. अमेरिकेचे ग्लेन कनिंगहॅम यांना ते अंतर भरून काढता आले नाही. लव्हलॉक यांची वेळ ३ मिनिटे ४७.८ सेकंद होती. कनिंगहॅम ३ मिनिटे ४८.४ सेकंदांत दुसरे आले. ही वेळही जुन्या विक्रमापेक्षा सरस होती. घोट्याच्या दुखापतीमुळे वुडरसन प्राथमिक फेरीतच बाद झाले होते.

मोजक्या शर्यतींच्या या पद्धतीला बर्लिनचे वेळापत्रक अनुकूल होते, हे लक्षात घ्यावे लागते. तेथे १,५०० मीटरसाठी प्राथमिक व अंतिम अशा दोनच फेऱ्या होत्या. एक्झिटर कॉलेज व सेंट मेरीज येथेच शिकलेले रॉजर बॅनिस्टर हेही थोड्याच शर्यती धावत. परंतु १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीची भर पडली, सलग तीन दिवस धावावे लागले आणि ते चौथे आले. हलक्या सरावावर एक जोरकस शर्यत साधता येते. लागोपाठ शर्यतींसाठी सहनशक्तीचा वेगळा पाया लागतो.

उत्तरायुष्य

१९३६ च्या अखेरीस लव्हलॉक यांनी स्पर्धात्मक धावणे थांबवले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात होते. १९४० मध्ये घोड्यावरून पडून त्यांना गंभीर दुखापत झाली. त्यानंतर दृष्टिदोष व चक्कर यांचा त्रास कायम राहिला. अमेरिकन पत्नी सिंथिया यांच्यासह ते युद्धानंतर न्यू यॉर्कला गेले व तेथील रुग्णालयात काम करू लागले. २८ डिसेंबर १९४९ रोजी बरे वाटत नसल्याने ते लवकर घरी निघाले. ब्रुकलिनमधील चर्च ॲव्हेन्यू स्थानकावर ते रुळांवर पडले आणि येणाऱ्या गाडीखाली त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या टिपणांचे संपादित पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्लिनच्या विजेत्यांना पदकासोबत ओक वृक्षाचे रोप दिले जात असे; लव्हलॉक यांना मिळालेले रोप टिमारू येथील त्यांच्या शाळेच्या आवारात लावण्यात आले व तेथे त्याचा मोठा वृक्ष झाला.