पद्मभूषण ताराबाई मोडक : वस्तीच्या अंगणात गेलेली शाळा

जालना जिल्ह्यात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत गावोगावी, वाड्या-तांड्यांवर जी अंगणवाडी भरते, तिचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ते नाव आणि त्यामागील विचार ज्यांच्या कार्यातून आला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र मात्र मराठवाड्यात तितकेसे परिचित नाही.

ताराबाईंचा जन्म दि. 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. पिता सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरात सुधारणेचे वातावरण होते. मुलींनी महाविद्यालयात जाणे ही अपूर्वाई असलेल्या त्या काळात त्या 1914 साली पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो संसार फार काळ टिकला नाही. लहानग्या कन्येला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय ताराबाईंनी घेतला. त्या काळी पतीपासून वेगळे होणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे निराळे सांगावयास नको.

राजकोट येथील स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाचे, स्थिर वेतनाचे ते पद सोडून 1923 च्या सुमारास त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाच्या कार्यास लागल्या. गुजराती वाचणाऱ्या कुटुंबांना गिजुभाईंचे नाव नवे नाही. वकिली सोडून लहान मुलांत रमलेला तो थोर शिक्षक होता. मारझोड व घोकंपट्टी यांऐवजी माँटेसरी पद्धतीने, खेळातून व स्वयंप्रेरणेने मुलाला शिकू द्यावे, हा विचार दोघांनी ग्रंथ व मासिकांद्वारे घरोघरी नेला. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवरचे यश कोणालाही समाधान देणारे होते. तथापि ताराबाईंना एक प्रश्न स्वस्थ बसू देईना. माँटेसरीची साधने महाग, शाळा शहरात आणि मुले खाऊनपिऊन सुखी घरची. ज्या बालकाला पोटभर अन्न नाही, ज्याची आई पहाटेच मजुरीस जाते, त्याच्यासाठी या शास्त्राचा उपयोग काय? वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, 1945 साली त्यांनी दादरचे जमलेले काम मागे ठेवले आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. बालविधवेचे दुःख सोसून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तेथेच त्यांना सहकारी म्हणून लाभल्या.

बोर्डीस बालवाडी तर निघाली, पण जिच्यासाठी ती काढली ती दलित व आदिवासी वस्तीतील मुले येईनात. कारणे साधी होती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारे कोणी घरी नव्हते, अंगावर धड कपडे नव्हते, आणि गावातील चार प्रतिष्ठितांच्या मुलांशेजारी बसण्याचा संकोच होता. पालकांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे! वस्तीच्या अंगणातच मुले गोळा करून वर्ग भरू लागला, तीच अंगणवाडी. प्रथम मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. विलायती साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. स्वच्छता आणि शिक्षण हे दोन वेगळे विषय तेथे कधी मानलेच गेले नाहीत.

1957 साली हे कार्य डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजात गेले. तेथील विकासवाडीची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. तान्हे मूल पाळणाघरात निजले की त्याला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची बहीण शेजारच्या वर्गात शिकू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक पाटी घेऊन कुरणात जात; ती कुरणशाळा. अंबड, घनसावंगीकडून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या तळावर पुढे ज्या साखरशाळा निघाल्या, त्या याच वाटेवरच्या म्हणता येतील.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. दि. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, दि. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे सर्व एका छताखाली आले. गर्भवती व स्तनदा मातांचाही त्यात समावेश झाला. वजनकाटा व आहार यांची नोंदवही नियमाने भरते. ज्या खेळासाठी व गाण्यासाठी ताराबाईंनी अंगण झाडून घेतले होते, त्याला मात्र अनेक ठिकाणी दिवसातला उरलेला वेळच मिळतो. एकाच सेविकेवर आहार, गृहभेटी, सर्वेक्षणे व नोंदी यांचा भार असतो, हे ध्यानी घेता तिला दोष देणेही न्यायाचे नाही.

कोसबाडचे कार्य अनुताई वाघ यांनी 1992 साली देह ठेवीपर्यंत त्याच टेकडीवर राहून चालविले.