विश्लेषण : चार्जरच्या वायरवरची ‘गाठ’ कशासाठी? ‘फेराइट’चे जनक योगोरो कातो कोण होते?

लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या वायरवर पिनेजवळ एक जाड गाठ असते. तिच्या आत काळ्या, ठिसूळ पदार्थाची नळी असते (पाहण्यासाठी फोडू नका). हे फेराइट. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये जस्त, तांबे, कोबाल्ट अशा धातूचे ऑक्साइड मिसळून भट्टीत भाजलेले सिरॅमिक. म्हणजे कपबशीच्या जातीची वस्तू, पण चुंबकीय! वायरमधला नको असलेला उच्च वारंवारतेचा गोंगाट ते शोषते.

या शोधामागे होते जपानचे रसायनशास्त्रज्ञ योगोरो कातो. जन्म १८७२, आजच्या आयची प्रांतातील करिया इथला. १९०३ ते १९०५ ते अमेरिकेत एमआयटीमध्ये आर्थर नॉईस यांच्या प्रयोगशाळेत होते. परतल्यावर टोकियोत प्राध्यापक झाले. जपानचे कारखाने परक्यांच्या शोधांवर चालतात, हे त्यांना कायम खुपत असे.

विसरलेले बटण

जस्ताचे खनिज भाजताना त्यात लोखंड असेल तर जस्त-फेराइट तयार होते. ते आम्लात सहज विरघळत नाही आणि जस्त वाया जाते. कातोंनी हा कटकटीचा विषय तरुण सहकारी ताकेशी ताकेई यांच्याकडे सोपवला. ताकेईंनी वेगवेगळ्या फेराइटचे चुंबकत्व मोजायला सुरुवात केली. १९३०मध्ये एका संध्याकाळी ते उपकरण बंद करायला विसरले, असे सांगतात. तापलेला कोबाल्ट-फेराइटचा नमुना रात्रभर चुंबकीय क्षेत्रातच थंड होत राहिला. सकाळी तो ताकदवान चुंबक झाला होता.

असे का झाले? फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या रचनेत दोन प्रकारच्या पोकळ्या असतात. कोणता धातू कोणत्या पोकळीत बसतो, यावर चुंबकत्व ठरते. उष्णतेत अणू जागा बदलू शकतात, थंड झाल्यावर आहेत तिथेच अडकतात. कोबाल्टचे अणू त्या रात्री क्षेत्राच्या दिशेला जुळवून बसले. हळू थंड केलेले जस्त-फेराइट आपल्या नेहमीच्या तापमानाला जवळपास चुंबकहीन असते. तेच तापवून झटकन थंड केले की थोडे चुंबकत्व दाखवते. घटक तेच, प्रमाणही तेच, फरक फक्त थंड करण्याचा! (इंजिनीअरिंगला हा धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता.)

दुसरा फायदा जास्त कामाचा ठरला. फेराइटमधून वीज फारशी वाहत नाही. त्यामुळे रेडिओच्या वारंवारतेला धातूचा गाभा तापतो तसे ते तापत नाही.

सशांचा व्यापारी

तरीही कारखानदार पुढे येईनात. आले ते केन्झो सायतो, अंगोरा सशांच्या लोकरीच्या धंद्यातले. नवा उद्योग शोधत ते कातोंकडे गेले. कातोंनी आधी जपानी उद्योगाच्या उसनवारीवर त्यांना सुनावले आणि मग फेराइट हाती ठेवले. ७ डिसेंबर १९३५ रोजी कंपनी उभी राहिली. नाव कातोंच्या विषयावरून : तोक्यो देन्की कागाकू, म्हणजे टोकियो विद्युत-रसायन.

कातो १९६७मध्ये गेले. कंपनीची आद्याक्षरे मात्र आपल्याकडच्या अनेक घरांत, गाण्यांच्या कॅसेटवर पोहोचली होती : टीडीके.